पांढऱ्या पाठीची मासोळी

विल्डाचे डोळे अधू झाले, तरी मूसहेड तळ्यावर मासे धरणाऱ्या सगळ्यांना तिनेच गळावर बांधलेली खोटी मासोळी हवी असायची. "ज्या दिवशी रंग चुकेल, त्या दिवशी हे सामान माळ्यावर," असं तिने नवऱ्याला, ऑरिनला, बजावलं होतं. काल तिने सशाची लव दोऱ्यावर वळून अंग भरलं, वरखाली हरणाच्या शेपटीचे केस बांधले. ऑरिनने पाहिलं, पाठ पांढरी, पोट काळं, अगदी उलटं. "कशी झालीय?" "नेहमीसारखी," तो म्हणाला. सकाळी, कुणी पाहण्याआधी अडकून तुटून जावी म्हणून, त्याने ती दोरीला लावून तळ्यातल्या बुडालेल्या ओंडक्यांत फेकली. आणि परतला तो तिलाच लागलेला हातभर ट्राउट मासा घेऊन. विल्डाने माशावरून बोटं फिरवली. "लागणारच. मरायला टेकलेली मासोळी पोट वर करून पोहते, म्हणून मुद्दाम उलटी बांधली होती. काल खोटं बोललास ना म्हाताऱ्या, आता मासा तूच साफ कर."