बॉनेटचं अस्तर

"फाडून फेकून दे ते, बाबा," राउहा म्हणाली.

"काय?" ओइवाने डावा कान पुढे केला.

गाडीचं बॉनेट उघडं होतं. आतलं जाड काळं अस्तर एका कडेने सुटून इंजिनावर लोंबत होतं. उंदरांनी ते कुरतडलं होतं, उरलेलं तेलाने माखलं होतं. एखाद दिवशी पेट घेईल, असं तिने मोठ्याने सांगितलं. बाहेर तापमान उणे बावीस होतं. एकच गोष्ट दोनदा सांगायचा तिला कंटाळा आला होता.

"राहू दे. इंजिनाला ऊब राहते."

"ऊब द्यायला हीटर लावलाय ना?"

"हीटर काय, वीज गेली की गेला," म्हणत एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या हट्टी माणसाने ओठांत धरलेल्या प्लास्टिकच्या खुंट्या एकेक करून ठोकल्या.

मग दर शनिवारसारखी दोघं दुकानाला निघाली. तो चालवत होता. अठ्ठावीस किलोमीटर कुणी बोललं नाही. बाबाला शांतता आवडते, हे राउहाने केव्हाच गृहीत धरलं होतं. सहा वर्षांपूर्वी ती ताम्पेरे शहर सोडून गावी परतली, तेव्हाही 'इथल्या ग्रंथालयात नोकरी मिळाली' एवढंच तिने सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि कॉफी ठेवायला उठला.

रविवारी सकाळी अंगणातला बर्फ ओढताना तो कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. फावडं हातातच होतं.

एप्रिलमध्ये गाडीची वार्षिक तपासणी आली. त्याआधी राउहाने गाडी तेन्होच्या गॅरेजात नेली. तेन्हो आणि ओइवा एकाच लाकूड गिरणीत तीस वर्षं होते. त्याने बॉनेट उचललं. अस्तर पुन्हा सुटलं होतं.

"असं लोंबतं ठेवून चालायचं नाही. काढून टाकू? गाडीचं काही अडत नाही."

'काढ' हा शब्द तिच्या जिभेवर होता.

"बाबा म्हणायचा, त्याने ऊब राहते."

तेन्हो हसला. "कसली ऊब? असली तर नावाला. हे असतं आवाज दाबायला. त्यालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, ओइवा, हे काढ आणि कानाला यंत्र लाव. तर म्हणे, यंत्र म्हाताऱ्यांना लागतं."

"मग ठेवलं कशाला?"

तेन्होने चिंध्यांनी हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

"म्हणाला, पोरीचं नाव राउहा ठेवलं, 'शांती', तिथेच चुकलो. आधी बोलत नाही, बोलली तर हळू. कधी काही सांगायला लागली, तर इंजिनाच्या घरघरीत ते वाया जायला नको."

राउहाने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"काढू नकोस," ती म्हणाली. "पक्कं करून दे."

परतताना ती एकटीच होती. रस्त्याच्या कडेला मळका बर्फ विरघळत होता. इंजिन खरोखरच शांत होतं. एवढी वर्षं या शांततेत तो वाट पाहत बसला होता, आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

"बाबा," ती म्हणाली. आवाज फारच हळू निघाला. घसा खाकरून तिने पुन्हा, मोठ्याने सुरुवात केली. "बाबा, नोकरीचं निमित्त होतं. मला तुझ्याजवळ राहायचं होतं."