भोपळ्याची हजेरी

तीस वर्षं शाळेच्या फाटकात उभं राहून उशिरा येणाऱ्यांना घरी धाडणारे हेडसर निवृत्त झाले आणि तीच शिस्त त्यांनी बागेला लावली. विषारी औषध न मारता किड्यांचा बंदोबस्त करायचा म्हणून कुंपणाला झेंडू, भिंतीकडेला गवती चहा आणि दाराशी पुदिना उभा केला. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा लसणाचं पाणी रोज वेलींवर फवारलं, थेट फुलांच्या तोंडावर. महिन्याभरात बागेत मुंगीसुद्धा फिरकेना.

पण बायकोने माहेरून आणलेल्या शेवटच्या बियांचा भोपळ्याचा वेल नुसताच फुलायचा. फळ एकही धरेना.

"अहो, मधमाश्यांनाही हाकललंत तुम्ही!" बायको कडाडली. "आता त्यांचं काम काय तुम्ही करणार?"

सरांनी ते मनावर घेतलं. फवारा बाजूला ठेवला, रंगाचा ब्रश उचलला आणि रोज सकाळी सहाच्या ठोक्याला गुडघे टेकून या फुलातले पराग त्या फुलाला लावू लागले. आठवड्यात सुपारीएवढा भोपळा धरला.

त्याच दिवशी साडेसातला एक खरीखुरी मधमाशी भिरभिरत आली. बायको हरखून ओरडली, "आली हो, आली!"

सरांनी ब्रश कानावर खोचला, घड्याळ पाहिलं आणि फाटकाकडे बोट दाखवलं. "दीड तास उशीर! उद्या पालकांना घेऊन ये, मगच आत घेईन."



दुसऱ्या दिवशी ठीक सहाला फाटकावर अख्खं मोहोळ हजर होतं.