मधला हायड्रोजन

आज एकही पाखरू निघू नये, एवढंच लक्ष्मणराव सकाळपासून मागत होते. आणि त्यांची लेक रुचिका पाखरू कधी निघतं म्हणून ओसरीवर टांगलेल्या कोशांच्या माळेसमोर डोळ्यांत तेल घालून बसली होती.

रुचिका हैदराबादहून आली होती ती बापासाठी नव्हे, थेंबासाठी. टसर रेशमाचं पाखरू कोशातून, गावच्या बोलीत कोशातून म्हणजे ‘कोसा’ फोडून, बाहेर पडताना तोंडातून थेंब सोडतं. त्याने कोशाचं टोक भिजून सैल होतं आणि पाखराला वाट मिळते. त्या थेंबातल्या एन्झाइमवर तिचं संशोधन चाललं होतं. थेंब मिळाला की संध्याकाळच्या बसने ती परत जाणार होती. नाही मिळाला तर मुक्काम.

बापाची जात लबाड असते. पिकलेली, पाखरं निघायला आलेली माळ लक्ष्मणरावांनी पहाटेच मागच्या खोलीत नेली होती, रांजणाच्या कडेला ठेवून वर ओलं पोतं टाकलं होतं. गारव्यात पाखरू दमाने निघतं, हे त्यांना ठाऊक होतं. लेकीसमोर लोंबत होती ती कच्ची माळ. त्यांना फार काही नको होतं. रात्री घरात दुसऱ्या कोणाच्या तरी झोपेचा आवाज यावा, एवढंच.

"बाबा, त्या थेंबात काय असते, सांगू?"

"सांग ना. तेवढाच टाइम जाईन."

रुचिकाने जमिनीवर तीन चिंचोके मांडले. दोन मोठे, मधे एक बारका.

"हा बारका म्हणजे हायड्रोजन. एरवी हा या एकाचाच असते. त्या दुसऱ्याशी नुसती तोंडओळख. पण कोशाच्या धाग्यांचा डिंक सुटाच्या ऐन टाइमाले हा मधोमध येऊन उभा राहते. ना याचा, ना त्याचा. तेवढ्या वेळापुरतं ते बंधन असं घट्ट होते का विचारू नका. म्हणून तर एवढा चिवट कोसा सुटते."

"अन् मंग?"

"मग काय, काम झालं का सैल. एन्झाइम जसंच्या तसं. काही झालंच नाही जसं."

लक्ष्मणराव मधल्या चिंचोक्याकडे पाहत राहिले.

"पण काही लोक म्हणतेत, इतकं घट्ट बंधन राहूच शकत नाही," रुचिका म्हणाली. "तेच तर पाहाचं आहे मले."

"राहते," लक्ष्मणराव म्हणाले.

"तुमाले काय माहीत?" ती हसली.

आवाज शक्य तितका साधा ठेवून त्यांनी विचारलं, "आज नाही निघालं पाखरू, तं उद्या पाहाशीन ना?"

"उद्याचा काय उपयोग, बाबा? उद्या रात्री तिथं मशीनवर माझा नंबर आहे. तो गेला का पुढच्या सालीच." तिने चिंचोके गोळा केले. "गेलं साल असंच गेलं. आता सर पण नीट बोलत नाहीत माझ्याशी." तिचे डोळे भरून आले, तसं तिने तोंड माळेकडे फिरवलं.

त्याच वेळी मागच्या खोलीतून खरखर ऐकू आली. पोत्याखाली पाखरू कोशाला भिडलं होतं.

गारवा पाखराला थांबवतो, पण ओल त्याला उठवते. उन्हाळा कोरडा गेला की लक्ष्मणराव स्वतःच माळेवर पाणी शिंपडत, पाखरं उठावीत म्हणून. आज मात्र लेकीच्या लोभापायी एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. करायला गेले काय आणि झालं काय.

रुचिकाला ती खरखर कळली नव्हती. लक्ष्मणराव खोकले, मुद्दाम, मोठ्याने. पुन्हा एकदा खोकले. मग उठले.

"रुचिका, तुझी थेंबाची नळी घेऊन ये. इकडं."

तिने पोतं पाहिलं, खालची माळ पाहिली. "हे पोतं काहून टाकलं?"

"उंदरं लागतेत."

जास्त बोलायला वेळच नव्हता. एका कोशाचं टोक ओलं होऊ लागलं होतं. घरची रीत अशी की, एकदा माळ टांगली की हंगाम संपेपर्यंत कोश राखणाऱ्याला घरातल्या कोणी शिवायचं नाही. लहानपणी रुचिका, लक्ष्मणराव झाडांवरचे किडे राखत तेव्हा, जंगलातल्या त्यांच्या झोपडीवर डबा घेऊन जायची आणि लांब दगडावर ठेवून परतायची. या खेपेलाही आल्यावर तिने लांबूनच हात जोडले होते.

आता एका हातात काचेची नळी आणि दुसऱ्या हातात हलणारा कोसा; तिला टोक नळीशी धरता येईना.

"धरा ना, बाबा!"

लक्ष्मणरावांनी तिच्या बोटांवरून कोसा धरला. दोघांच्या बोटांमध्ये पाखरू धडपडत होतं. टोकावर थेंब उभा राहिला, नळीत चढला. मग दुसरा कोसा, मग तिसरा. रीत कोणालाच आठवली नाही.

काम झालं. नळ्या बर्फाच्या डब्यात गेल्या. रुचिकाने पिशवी खांद्याला लावली, पाया पडायला वाकली आणि सवयीने दोन हात अलीकडेच थांबली.

"येतो, बाबा."

"ये बाई. बर्फ सांभाळजो."

अड्याळच्या फाट्याकडे बसचा हॉर्न वाजला आणि विरला. कुंपणापलीकडून शेजारच्या भैय्यालालने हाक दिली, "काका, गेली काय पोरगी?"

"गेली."

"मंग आता कसं?"

"जसंच्या तसं," लक्ष्मणराव म्हणाले.

अंगणात उभे राहून ते पोतं पिळत होते. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.