हिरव्या चिंधीचा डबा

सोसायटीत रॉकेल यायचं त्या दिवशी रांगेत बाया नसायच्या, डबे असायचे. दुष्काळात कपिलधारच्या रस्त्याच्या कामावर खाडा परवडायचा नाही. “बिनघोर जावा, मी हाय की,” बंदोबस्तावरचा पोलीस सर्जेराव सांगायचा. पहिला डबा त्याच्याच आईचा, हिरवी चिंधी बांधलेला. एकदा फौजदार एका बागायतदाराचा ट्रॅक्टर घेऊन आले. “रांगेत माणूस कुठंय? हटव हे डबे.” सर्जेरावनं बुटानं एकेक डबा उडवला, हिरव्या चिंधीचाही. पाय अडखळला नाही. रॉकेलची पिंपं ट्रॅक्टरवर चढली. दिवेलागणीला आईनं अंधारातच भाकरी वाढली. त्यानं चाचपडत खाल्ली. पुढच्या खेपेला बाया कामावर गेल्याच नाहीत; उन्हात डबे मांडीवर घेऊन बसल्या. “जावा की, मी हाय,” तो म्हणाला. कुणी हललं नाही. त्यानं आईच्या डब्याला हात लावला. तिनं तो पदराखाली ओढला. “ऱ्हाऊ द्या, जमादार.”