पाणी चढलं की

"यात दोन प्रकार आहेत," असं म्हणत प्रेमराजशेठनी काउंटरवर दोन खोकी उघडली आणि नूतनने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. जळगावच्या दोन्ही दुकानांत गाडी याच वाक्यावरून सुरू झाली होती. आता धुळं. काखेत दीड वर्षाची पुनम झोपेला आलेली, आणि नवरा कुंदन मुलगी बघायला आल्यासारखा इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर न्याहाळत होता.

कुंदनची नाव चोपड्याच्या खाली, तापीवर चालायची. सकाळी केळी कापणारे मजूर पलीकडे न्यायचे, संध्याकाळी परत आणायचे. इंजिन समुद्रावरच्या जुन्या स्पीडबोटीचं, पेट्रोलचं, ताकदीचं. खोड एकच. नदी शांत असली की ते हाक मारल्यासारखं सुरू व्हायचं. धरणाचे दरवाजे उघडून पाणी चढलं की नुसतं घरघरायचं. पाणी उतरलं की पुन्हा शहाणं.

"पानी चढनं का बठ्ठी हवा ओली व्हई जास, मंग ते रुसस," हे गावातल्या झिपरू आबांचं निदान. निंबा मिस्त्रीने त्याला शास्त्र जोडलं: डिस्ट्रिब्युटरमध्ये दमट हवा शिरते, ठिणगी मरते. गेल्या पावसाळ्यात पाच वेळा मजूर काठावरून परत गेले, आणि पाचही वेळा लोक कुंदनला हसले. तेव्हापासून तो जेवतानाही मोबाइलवर डिस्ट्रिब्युटरच बघायचा. आमटीत मीठ नाही हेही त्याला आताशा कळत नसे.

"जुना आणलाय?" शेठनी विचारलं.

कुंदनने तो पिशवीतून काढला. शेठनी झाकण उघडून आतला बोटभर तुकडा फिरवून बघितला. "हा रोटर. पंगतीतला वाढपी समजा. चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाढतो. वाढपी तर ठणठणीत आहे तुमचा. मग..." ते थांबले. नखाने त्यांनी तळातून काहीतरी उचललं. हळद लागलेला तांदळाचा दाणा.

"इंजिनावर अक्षता टाकता की काय, भाऊ?"

कुंदन हसला. "आमच्यात रीत आहे, शेठ. पाणी चढलं की नावाड्याच्या बायकोने नावेत बसून तापीमाईची ओटी भरायची. तोवर पुरुषाने नावेत पाय ठेवायचा नाही, काठावर पाठ करून उभं राहायचं. त्यातलाच असेल."

"बंद झाकणात?"

"उंदीर फार झालेत नावेत," नूतन म्हणाली आणि तिने पुनमला दुसऱ्या काखेत घेतलं.

शेठनी दाणा झटकला आणि नवे दोन्ही पुढे सरकवले. "दोन्ही बोटीसाठीच बनवलेले. ठिणगी बाहेर जाणार नाही, पेट्रोलच्या वाफेची भीती नाही. इंजिन पळायला लागलं की ठिणगीला उशीर करणार नाहीत. फरक आहे तो झाकणाचा. याचे स्क्रू खास चावीनेच उघडतात, ती मिस्त्रीकडे ठेवायची. एकदा बसवला की दोन वर्षं हात लावायला नको. आणि याला रबरी कडं अन् दोन क्लिपा. अंगठ्याने उघडतो."

"चावीवाला," कुंदन म्हणाला.

नूतन घाईने पुढे झाली. "अहो, थांबा जरा. निंबा मिस्त्री राहतात कुठे?"

"चोपड्यात. का?"

"नाव मधोमध बंद पडली तर चावी काय पोहत आणणार?"

शेठ मिशीत हसले. "वहिनींचा मुद्दा आहे."

"हिला सगळ्यात खोट दिसते," कुंदन वैतागला. "साडी घेताना एवढं बघत नाहीस."

"साडी बंद पडली म्हणून कोणी बुडत नाही."

यावर कुंदनने चावीवाल्यावरचा हात मागे घेतला. त्याचा थोरला भाऊ वना तीन वर्षांपूर्वी चढत्या पाण्यात गेला होता. नाव चौथ्या दिवशी सापडली होती. वनाभाऊंचं इंजिन कधीच रुसत नसे. हात लावला की सुरू.

"क्लिपावाला द्या," कुंदन म्हणाला.

निंबाने तो बसवला आणि इंजिन पहिल्याच फटक्यात गुरगुरलं. कुंदनने झिपरू आबांना मुद्दाम एक फेरी मारून आणली. आठ दिवस तो काठावर छाती काढून फिरला. भेटेल त्याला सांगायचा, "बायकोने निवडलाय."

नवव्या दिवशी सकाळी धरणाचे दरवाजे उघडले. नदी गढूळ होऊन फुगली, काठच्या बाभळी कमरेपर्यंत बुडाल्या. पलीकडे केळीच्या गाड्या थांबलेल्या, अलीकडे पंधरा-वीस मजूर डबे घेऊन उभे.

"आज नका जाऊ," नूतन म्हणाली.

"दर वेळी तुझं हेच." कुंदन चिडला. "नावाडीच पाण्याला भ्याला तर लोक हसतील नाही तर काय? आता ओल्या हवेचं कारण नाही. ओटी भर लवकर, लोक खोळंबलेत."

तिने पुनमला त्याच्याकडे दिलं. रीतीप्रमाणे तो पाठ करून उभा राहिला. मजूरही वळले.

नूतन नावेत बसली. तिने हळदीकुंकू वाहिलं, नारळ आणि खण पाण्यात सोडला, ओंजळभर तांदूळ सोडले, हात जोडले. मग इंजिनाच्या पेटीचं झाकण वर केलं, दोन अंगठ्यांनी दोन क्लिपा उघडल्या, आतला नवा वाढपी अलगद उचलून पिशवीत उरलेल्या तांदळात खोल दाबला, आत एकही दाणा सांडला नाही ना हे या वेळी नीट बघून क्लिपा पुन्हा लावल्या आणि हाक मारली, "या हो, झाली ओटी भरून."