सभेत बोलणारी

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या त्या डोंगरी गावाने नळयोजनेवर देखरेख करायला रोफिनाला एकमताने निवडलं होतं. सरपंच तिचा सख्खा भाऊ. घरातलीच बाई, ती कशाला तोंड उघडेल, असा सगळ्यांचा हिशेब. पण योजनेचे पाइप भावाच्या लवंगेच्या बागेकडे वळलेले दिसले, तेव्हा तिने त्याला भर सभेत जाब विचारला. त्याची खुर्ची गेली आणि पाणी गावात आलं.

त्यानंतर भावाने तिचा उंबरा ओलांडला नाही. ती नळावर गेली की बायकांच्या गप्पा थांबायच्या. "सख्ख्या भावाची झाली नाही, ती आपली काय होणार?" कुणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणायचं.

दोन पावसाळ्यांनंतर एका दुपारी त्याच बायका तिच्या दारात आल्या. रोफिनाची धांदल उडाली. तिने चटई अंथरली, चुलीवर कॉफीचं आधण ठेवलं.

"अगं, नवा सरपंच शाळेचं सिमेंट स्वतःच्या घराला लावतोय," त्यांच्यातली क्रेसेन्सिया म्हणाली. "उद्या सभेत तू बोल."

"तुम्ही का नाही बोलत?"

क्रेसेन्सिया चटईवर जरा पुढे सरकली. "आम्हाला पोरांची लग्नं करायचीत, बाई. भाऊबंद लागतात. तुझं आता काय जायचं राहिलंय?"

रोफिना चुलीकडे वळली आणि तिने जाळ सारखा केला.

"बोलेन," ती म्हणाली. "पण कॉफी घेऊनच जा. सावकाश प्या."