संशयाचं पाणी

चर्चचे पाळक वॉर्डात शिरले तेव्हा नर्स सलाईनची बाटली बदलत होती. घड्याळजीची बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन दिवस झाले, उलट्या-जुलाब थांबत नव्हते. पोटात काय गेलं, असं कुणी विचारलं की ती चादर तोंडावर ओढून घ्यायची.

नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्यानेच शांतपणे सांगितलं. रविवारी सगळे गेल्यावर त्याने चर्चची जमीन झाडली, ती धूळ पेलाभर पाण्यात कालवली आणि बायकोला प्यायला लावली. त्याच्या घड्याळांच्या दुकानासमोरच्या शिंप्यावरून वर्षभर त्याच्या मनात संशयाचा किडा वळवळत होता. आता एकदाचा सोक्षमोक्ष लागला, असं तो म्हणाला.

बायबलमधल्या मोशेच्या पाच पुस्तकांचा बुधवारचा वर्ग पाळकांचाच. नवऱ्याला संशय आला तर याजकाने, म्हणजे पुरोहिताने, बायकोला पवित्र जमिनीवरच्या धुळीचं पाणी पाजावं, ती दोषी असेल तर तिचं पोट फुगेल, हा अध्याय त्यांनी गेल्याच आठवड्यात शिकवला होता. इतर पाळक त्या अध्यायाच्या वाटेला जात नसत. यांनी मात्र महिनाभर खपून त्याचा अर्थ लावला होता. नुसत्या धुळीने कुणाला काय होणार? म्हणजे नियम मुळात बाईला नवऱ्याच्या हातून वाचवण्यासाठीच. वर्गातल्या बायकांनी माना डोलावल्या होत्या. घड्याळजी नेहमीसारखा पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होता.

"अहो, घाण होती ती," पाळक म्हणाले. "पोटात गेली तर तुम्हीसुद्धा आजारी पडाल, मीसुद्धा."

घड्याळजीने पिशवीतून वही काढली आणि पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

"तुमचंच वाक्य आहे, साहेब. निर्दोष बाईला त्या पाण्याने काही होत नाही."

अक्षर सुबक होतं. वाक्यात काना-मात्रेचाही फरक नव्हता.

पाळक आत जाऊन खाटेजवळ उभे राहिले. हा देवाचा दंडबिंड काही नाही, जंतू गेलेत पोटात, हवं तर डॉक्टरांना विचारा, असं त्यांनी तिला परोपरीने समजावलं. शिकवण्यात चूक आपली झाली, हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश तोंड इकडे वळवलं.

"दोन दिवस आठवून बघतेय, पाळकसाहेब," ती म्हणाली. "काय केलं असेल हो मी?"